गॅरेज असलेले मोटरहोम घ्यावे का? वजन, पलंग आणि स्कूटर यांचा हिशेब

दूरची_वाट (धागाकर्ती)

आम्ही दोघे सध्याचे लहान मोटरहोम (राहण्याची सोय असलेले वाहन) विकून मागच्या बाजूला अंगभूत गॅरेज, म्हणजे पलंगाखाली सायकली किंवा स्कूटर मावेल असा मोठा कप्पा, असलेले मोटरहोम घेण्याचा विचार गांभीर्याने करत आहोत. मोटरहोम एकदा सपाट जागी उभे करून, वीज आणि पाणी जोडून, बाजूच्या भिंतीवरची सावलीची छत्री उघडून बसले की चार किलोमीटरवरच्या दुकानात जाण्यासाठी ते सगळे पुन्हा आवरणे जिवावर येते. सायकली मागच्या भिंतीवरच्या रॅकवर टांगाव्या लागतात. तिथे त्या धुळीने आणि पावसाने खराब होतात, आणि मुक्कामाच्या अनोळखी जागी त्या चोरीला जातील ही धास्ती रात्रभर असते ती वेगळीच. गॅरेज असेल तर सायकलींऐवजी एक छोटी स्कूटरच सोबत नेता येईल, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे.

जे वाहन पाहिले आहे ते युरोपीय बनावटीचे असून वापरलेले आहे. लांबी ७.४ मीटर, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) ४.०३५ मीटर, पुढच्या चाकांना इंजिनची ओढ असलेली चॅसी (वाहनाचा मूळ सांगाडा) आणि पट्ट्यासह चार आसने आहेत. कमाल अनुज्ञेय वजन ३,५०० किलो, पुढच्या ॲक्सलची (चाकांच्या आसाची) मर्यादा १,८५० आणि मागच्या ॲक्सलची २,००० किलो आहे. कागदपत्रांत 'चालण्यास सज्ज' वजन २,९५० किलो दिले आहे आणि आधीच्या मालकाने छत्री, सौर पॅनेल, दुसरी बॅटरी वगैरे मिळून सुमारे १२० किलोची भर घातली आहे. गॅरेज आडवे असून त्याला दोन्ही बाजूंनी दारे आहेत, आतली उंची १.२ मीटर आहे आणि त्यावर कायमचा पलंग आहे. गॅरेजच्या दारावरच्या पट्टीवर 'कमाल भार २५० किलो' असे लिहिले आहे. आमच्या मनातली स्कूटर ११० किलोची आहे, म्हणजे तिथे अर्ध्याहून अधिक मोकळीक राहते असे वरवर दिसते. हा हिशेब इतका सोपा आहे का, हे जाणत्यांनी सांगावे.

तुळई

हिशेब इतका सोपा नाही, आणि विक्रेते तो याच सोप्या स्वरूपात मांडतात म्हणून सविस्तर लिहितो. गॅरेजच्या पट्टीवरचे २५० किलो ही त्या फरशीची आणि तिला धरून ठेवणाऱ्या मागच्या सांगाड्याची ताकद आहे. तेवढे वजन ठेवल्याने तळ वाकणार किंवा तुटणार नाही, एवढेच ती पट्टी सांगते. वाहनाचे एकूण वजन आणि मागच्या ॲक्सलवरचा भार मर्यादेत राहील की नाही याबद्दल ती काहीही सांगत नाही. हे दोन्ही हिशेब आपल्यालाच करावे लागतात.

आधी ॲक्सलचा हिशेब पाहू. गॅरेज मागच्या चाकांच्याही मागे असते. आपण दिलेल्या मापांचे वाहन घेतले तर गॅरेजचा मध्य मागच्या ॲक्सलपासून साधारण १.८ मीटर मागे येईल. तिथे ठेवलेले वजन तरफेसारखे काम करते: मागचा ॲक्सल टेकू होतो आणि पुढचा भाग उचलला जातो. हे अंतर भागिले व्हीलबेस, म्हणजे १.८ भागिले ४.०३५, हे ०.४५ च्या आसपास येते. म्हणून ११० किलोची स्कूटर आत ठेवली की पुढच्या ॲक्सलवरचा भार सुमारे ४९ किलोंनी कमी होतो आणि मागच्या ॲक्सलवर सुमारे १५९ किलो वाढतात. पट्टीवर लिहिल्याप्रमाणे पूर्ण २५० किलो भरले तर मागे सुमारे ३६० किलोंची वाढ होते आणि पुढचे सुमारे ११० किलो कमी होतात. स्कूटरचे वजन विचारले की सगळे ११० सांगतात. मागच्या टायरला मात्र १५९ जाणवतात.

पुढचा भार घटणे पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या वाहनात विशेष अडचणीचे ठरते. ओल्या गवतावर, चिखलात किंवा फेरीबोटीच्या ओल्या लोखंडी रॅम्पवर ओढणारी चाके जागीच फिरू लागतात, आणि महामार्गावर बाजूचा वारा आला की सुकाणू हलके वाटते. आधीच गाडी थोडी मागे झुकलेली असेल तर हे आणखी बिघडते.

आता एकूण वजन. ३,५०० मधून २,९५० आणि १२० वजा केले की ४३० किलो उरतात. युरोपीय नियमांनुसार 'चालण्यास सज्ज' वजनात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के भरलेली इंधनाची टाकी धरलेली असते, पण सोबतचा प्रवासी धरलेला नसतो. म्हणून आणखी ७५ वजा करावे लागतात आणि हाती ३५५ राहतात. स्कूटर चढवल्यावर उरले २४५. पाण्याचा प्रश्न त्याहून चोरटा आहे, कारण अनेक उत्पादक सज्ज वजनात गोड्या पाण्याच्या टाकीत प्रवासापुरते फक्त २० लिटर पाणी धरतात. टाकी १२० लिटरची असेल आणि आपण ती भरून निघालात तर आणखी १०० किलो गेले. आता १४५ उरले. त्यात दुसरा गॅस सिलिंडर, कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, किराणा, खुर्च्या, टेबल, विजेची लांब केबल, चाकांखालच्या पाचरी, अवजारे आणि औषधांची पेटी बसवायची आहे. दोन माणसांचे दीर्घ मुक्कामाचे हे सामान मी कितीही काटकसरीने धरले तरी दोनशे किलोंच्या खाली येत नाही. म्हणजे आपण निघण्याआधीच पन्नासेक किलोंनी मर्यादा ओलांडलेली असेल.

आणखी एक बाब. त्या सज्ज वजनावर उत्पादकाला अधिक-उणे ५ टक्के सूट असते. २,९५० चे ५ टक्के म्हणजे जवळजवळ १४८ किलो. आपले वाहन कागदापेक्षा शंभर किलोंनी जड निघाले तरी उत्पादकाने नियम मोडला असे म्हणता येत नाही.

शंकासुर

तुळई यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण मला तो थोडा घाबरवणारा वाटला. कंपनी चार आसने देते, गॅरेज देते, त्यावर २५० किलोंची पट्टी लावते आणि सरकारी मान्यता मिळवते. इतक्या लोकांनी तपासलेली वस्तू दोन माणसांच्या सामानालाही पुरत नसेल, हे पटणे कठीण आहे. रस्त्यावर अशी असंख्य वाहने स्कूटर घेऊन फिरताना दिसतात.

तुळई

शंका रास्त आहे, म्हणून मान्यतेचा नियमच सांगतो. चालक, सर्व आसनांवरचे प्रवासी आणि जादा उपकरणे धरून झाल्यावर मोटरहोममध्ये वैयक्तिक सामानासाठी किमान किती वजन उरले पाहिजे याचे एक सूत्र आहे: आसनांची संख्या अधिक वाहनाची मीटरमधील लांबी, गुणिले दहा. धागाकर्तीच्या वाहनात चार आसने आणि ७.४ मीटर लांबी आहे. चार अधिक ७.४ म्हणजे ११.४, गुणिले दहा म्हणजे ११४ किलो. चार माणसांचे सगळे सामान ११४ किलोंत बसले पाहिजे, असे हा किमान नियम गृहीत धरतो. एवढ्यावर वाहनाला मान्यता मिळते. या नियमात गॅरेजचा विचार कुठेच नाही. गॅरेज रिकामे राहिले तरी नियम पुरा होतो.

रस्त्यावर स्कूटर घेऊन फिरणारी वाहने दिसतात हे खरे आहे. त्यांतली किती वजनकाट्यावर गेली आहेत हे मात्र बाहेरून दिसत नाही. आणि त्यांतली बरीच ३,५०० किलोंहून अधिक क्षमतेच्या चॅसीवरची असतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

खिडकीपाशी

वजनाबद्दल वर पुरेसे आले आहे, म्हणून मी राहण्याबद्दल लिहिते, कारण गॅरेजची खरी किंमत आतल्या माणसांना रोज मोजावी लागते.

गॅरेजची आतली उंची १.२ मीटर असेल तर त्यावर पलंगाची चौकट, जाळी आणि गादी मिळून झोपण्याची पातळी गॅरेजच्या तळापासून दीड मीटरच्या जवळ जाते. राहत्या भागाच्या फरशीपासून मोजली तर ती छातीच्या उंचीला येऊ शकते, कारण गॅरेजचा तळ बहुधा राहत्या खोलीच्या फरशीपेक्षा थोडा खाली नेलेला असतो. चढायला दोन-तीन पायऱ्या असतात. छत तेच राहते, म्हणून पलंगावर ताठ बसता येत नाही आणि कपडे वाकून बदलावे लागतात. वाहन पाहायला गेलात तेव्हा विक्रेत्यासमोर संकोच न करता बूट काढून दोघांनीही पलंगावर चढावे, उताणे झोपावे, कुशीवर वळावे आणि अंधारात उतरायचे आहे असे समजून उतरून पाहावे. गुडघ्यांची तक्रार आज नसली तरी वाहन पुढची बरीच वर्षे वापरायचे आहे हे लक्षात ठेवावे.

पलंग आडवा असेल, म्हणजे वाहनाच्या रुंदीत टाकलेला असेल, तर गॅरेजची जागा सर्वांत चांगली मिळते आणि वाहनाची लांबीही वाचते. पण भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री दुसऱ्याला ओलांडूनच खाली यावे लागते. बाहेरची रुंदी २.३ मीटर असली तरी भिंतींची जाडी वगळून पलंगाची लांबी मर्यादित राहते, त्यामुळे उंच माणसाने ती स्वतः मोजावी. लांबीच्या दिशेने टाकलेले दोन वेगळे पलंग झोपायला आणि उतरायला कितीतरी सोयीचे असतात, पण ते वाहनाची लांबी खातात. तिन्ही बाजूंनी मोकळा असलेला मधला पलंग दिसायला सुंदर असतो. तो बहुधा कमी उंचीवर असतो, म्हणून त्याखालचे गॅरेज सायकली आडव्या ठेवण्यापुरते किंवा नुसत्या सामानापुरतेच उरते. काही वाहनांत पलंग विजेच्या मोटरवर खालीवर होतो. तो प्रकार मला आवडतो, पण स्कूटर आत असताना पलंग खाली येणार नाही, म्हणजे प्रवासात रात्री वाटेत थांबलात तर उंचावरच झोपावे लागेल.

निवांत_चाक

स्कूटर चढवणे-उतरवणे या कामाबद्दल मी लिहितो. गॅरेजचा तळ जमिनीपासून साधारण गुडघ्याच्या उंचीला असतो. त्याला लावायचा रॅम्प आखूड असला तर चढ तीव्र होतो, आणि लांब घेतला तर तो ठेवायलाच जागा लागते व त्याचे स्वतःचे वजनही होते. शंभर किलोंचे वाहन तीव्र रॅम्पवर ढकलणे आणि दाराच्या चौकटीखाली डोके वाकवून ते आत वळवणे हे एकट्याचे काम नाही. छोटी हाताची किंवा विजेची विंच (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) बसवून घेणे शहाणपणाचे आहे. गॅरेजची आतली उंची १.२ मीटर असली तरी दाराची मोकळी उंची तिच्यापेक्षा कमी असते आणि स्कूटरला त्याच दारातून जायचे असते. आरसे व काच काढून स्कूटर मोजावी. लांबीही तपासावी, कारण आडव्या गॅरेजमध्ये स्कूटर वाहनाच्या रुंदीत बसवायची असते. होंडा मंकी १२५ सारखी लहान चाकांची गाडी १०४ किलोंची असते आणि तिची लांबी-उंची दोन्ही आटोपशीर असतात, म्हणून मोटरहोमवाल्यांत असे नमुने आवडीचे आहेत.

मुक्कामाच्या जागी गॅरेजच्या दारासमोर रॅम्प आणि स्कूटर मिळून तीनेक मीटर मोकळी जागा लागते. शेजारी दुसरे वाहन उभे असेल तर ती मिळत नाही. दोन्ही बाजूंना दारे असणे ही म्हणून मोठी सोय आहे.

बांधणीबद्दल एक गोष्ट फार कमी जण ध्यानात घेतात. स्कूटर नेहमीच्या ट्रेलरवर उभी असते तेव्हा तिचे तोंड प्रवासाच्या दिशेला असते आणि ब्रेक लागला की पुढचे चाक आणि फॉर्क तो धक्का घेतात. आडव्या गॅरेजमध्ये ती प्रवासाच्या दिशेला काटकोनात उभी असते, त्यामुळे प्रत्येक ब्रेक तिला कुशीवर पाडायला पाहतो. माल बांधण्याचे युरोपीय मानक, ईएन १२१९५-१, पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर धरून पट्टे निवडायला सांगते. ११० किलोंच्या स्कूटरसाठी पुढच्या दिशेचा जोर म्हणजे ८८ किलोंइतका. तो हँडलला बांधलेल्या लवचिक दोरीने सांभाळता येत नाही. चाक पकडणारी खोबण तळाला पक्की बसवलेली हवी, आणि चार कोपऱ्यांतून रॅचेट पट्टे (खटक्याने घट्ट करायचे पट्टे) असे ताणावेत की स्प्रिंग थोडी दबलेली राहील. पट्टे अडकवायच्या कड्या नुसत्या प्लायवुडमध्ये स्क्रूने बसवलेल्या नसून खालच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने जोडलेल्या आहेत का, हे पाहूनच वाहन घ्यावे. स्कूटरचे बाजूचे स्टँड थेट तळावर टेकवू नये. सगळे वजन एका बिंदूवर येऊन थरांची फरशी दबते, म्हणून खाली धातूची पट्टी ठेवावी.

पेट्रोलच्या वासाबद्दल: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती खाली साचते. म्हणून गॅरेजच्या तळाजवळ हवा बाहेर जाण्याच्या कायमच्या मोकळ्या जाळ्या असल्या पाहिजेत आणि त्या गालिचा किंवा सामान टाकून बुजवू नयेत. गॅरेज आणि झोपण्याची खोली यांच्यामध्ये पुष्कळदा एक आतले झाकण असते. त्याचा रबर पट्टा घट्ट बसतो का, आणि हीटरची गरम हवेची नळी गॅरेजमधून जाते तिथे फटी आहेत का, हे तपासावे. ज्वलनाची उपकरणे व झोपणारी माणसे एका बाजूला आणि पेट्रोलची टाकी दुसऱ्या बाजूला, ही विभागणी कुठेही सैल पडता कामा नये. विजेवरची स्कूटर किंवा सायकल घेतल्यास वाफेचा प्रश्न मिटतो, पण लिथियम बॅटरी पलंगाखाली रात्री चार्जिंगला लावून वर झोपणे मला मान्य नाही. चार्जिंग दिवसा, जागेपणी आणि दार उघडे ठेवून करावे.

शंकासुर

मग गॅरेजचा एवढा खटाटोप कशासाठी? आहे ते वाहन ठेवावे आणि मागे छोटा ट्रेलर जोडून त्यावर स्कूटर न्यावी. ट्रेलरचे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर राहते. मोटरहोमच्या हुकावर फक्त ट्रेलरच्या पुढच्या टोकाचे थोडे वजन येते.

जुनीजाणती

वजनाच्या दृष्टीने शंकासुर यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि युरोपातल्या बी वर्गाच्या, म्हणजे मोटारीच्या, परवान्यावर ७५० किलोंपर्यंतचा ट्रेलर जोडता येतो, म्हणून परवान्याचीही अडचण येत नाही. पण ट्रेलरसह मागे घेणे ही वेगळी कला आहे, अनेक ठिकाणी ट्रेलरसाठी वेगवान रस्त्यांवरची मर्यादा कमी असते, फेरीबोटीवर लांबीनुसार आकार भरावा लागतो, आणि मुक्कामाच्या आखलेल्या जागेत ट्रेलर बसेलच असे नाही. शिवाय धागाकर्तींचे मूळ दुखणे चोरी आणि पाऊस हे आहे. उघड्या ट्रेलरने ते सुटत नाही. मागच्या हुकावर बसवायचा स्कूटर-रॅक हा तर सर्वांत वाईट पर्याय ठरतो, कारण तो गॅरेजपेक्षाही मागे असतो आणि तुळई यांनी सांगितलेले तरफेचे गणित त्यात आणखी बिघडते.

याउलट वाहनाची मर्यादा वाढवून घेण्याचा मार्ग आहे. चॅसी मुळात जड प्रकारची असेल तर काही वेळा नुसत्या कागदोपत्री बदलाने, आणि हलकी असेल तर मागे हवेचे सस्पेन्शन, जड स्प्रिंग व योग्य टायर बसवून अधिकृत तपासणीनंतर कमाल वजन ३,८५० किलो किंवा त्याहून अधिक करून घेता येते. दुकानातून हवेच्या पिशव्या आणून बसवल्या म्हणजे मर्यादा वाढली असे मात्र नाही. गाडीची पाठ वर येते, कागदावरचा आकडा तोच राहतो. टायरच्या बाबतीत ११६ हा भारांक म्हणजे एका टायरला १,२५० किलो, जोडीला २,५००. ॲक्सलच्या नव्या मर्यादेला तो पुरतो का हे पाहावे. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, तेही वाचावेत. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

३,५०० ची रेषा ओलांडल्याचे परिणाम मात्र मान्य असले पाहिजेत. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारीचा परवाना मिळवलेल्यांना ७,५०० किलोंपर्यंतचे वाहन चालवता येते. त्यानंतर परवाना काढलेल्यांना सी१ वर्गाची वेगळी परीक्षा द्यावी लागते. ऑस्ट्रियात ३,५०० किलोंपर्यंत पथकराचा स्टिकर चालतो, त्यापुढे अंतरानुसार पथकर मोजणारे यंत्र काचेवर लावावे लागते. स्वित्झर्लंडमध्ये जड वाहनांचा वेगळा कर सुरू होतो. जर्मनीच्या महामार्गावर ३,५०० ते ७,५०० किलोंच्या मोटरहोमला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा लागू होते. तेवढ्या वेगाने जायला मला स्वतःला काहीच अडचण वाटत नाही, पण काहींना वाटते.

दूरची_वाट (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. परवाने आमचे दोघांचेही मोटारीचेच आहेत, त्यामुळे ३,५०० ची रेषा आमच्यासाठी खरी रेषा आहे. मागे दोन ॲक्सल असलेले मोठे वाहनही एका विक्रेत्याने सुचवले होते, पण ते याच कारणाने बाद झाले. बाजारात छोटी मोटार पोटात घेऊन जाणारी मोटरहोमेही दिसतात, ती नेमकी कशी चालतात हे कुतूहलापोटी विचारते.

तुळई

ती मालमोटारीच्या चॅसीवर बांधलेली असतात आणि त्यांचे वजन आपण बोलतो आहोत त्याच्या कितीतरी पट असते. कॉनकॉर्ड आणि मोरेलो या कंपन्यांच्या मोठ्या नमुन्यांत मागच्या बाजूने छोटी मोटार आत जाते. १९९८ साली आलेली स्मार्ट ही छोटी मोटार केवळ अडीच मीटर लांबीची होती, म्हणून अशा गॅरेजांशी तिचे नाव जोडले गेले. फोल्कनर मोबिल या जर्मन निर्मात्याची रचना अधिक चतुर आहे: त्यांच्या बसइतक्या वाहनात मोटारीचे गॅरेज दोन ॲक्सलांच्या मधोमध पोटाखाली असते आणि मोटार बाजूने आत सरकते. वजन दोन ॲक्सलांच्या मध्ये आले की ते दोघांत वाटले जाते, कुठलेही टोक उचलले जात नाही. अमेरिकेतला 'टॉय हॉलर' हा तिसरा प्रकार. त्यात मागची अख्खी भिंत रॅम्प म्हणून खाली येते आणि गाडी बाहेर काढल्यावर तीच खोली राहण्यासाठी वापरतात. तिथे पेट्रोलचा आणि राहण्याचा भाग एकच असल्यामुळे वाफेबद्दल वर जे आले ते दुपटीने लागू होते.

खिडकीपाशी

मूळ विषयाकडे येऊन एक सुचवते. स्कूटरऐवजी दोन विजेच्या सायकली घेतल्या तर? प्रत्येकी २५ किलो धरले तरी एकूण ५० होतात, मागच्या ॲक्सलवर सुमारे ७२ किलो येतात, आणि स्कूटरचा रॅम्प व विंच यांचे वजनही वाचते. गॅरेज तेच राहील, पाऊस आणि चोरी यांची काळजी मिटेल. शिवाय सायकलीसाठी गॅरेज इतके उंच असण्याची गरज नाही, म्हणजे पलंग खाली आलेले वाहनही शोधता येईल.

जुनीजाणती

अनुमोदन. आणि वाहन वापरलेले असल्याने गॅरेज ही तपासणीची सर्वांत चांगली जागा आहे, कारण तिथे रंगरंगोटी कमी असते. तळाच्या कडा आणि कोपरे अंगठ्याने दाबून पाहावेत, मऊ लागले तर पाणी शिरलेले आहे. ओल मोजण्याचे यंत्र मिळाल्यास चौकटीभोवती फिरवावे. दोन्ही दारे उघडून-लावून पाहावीत. दार घासत असेल तर मागचा सांगाडा भाराने झुकला असण्याची शक्यता असते. वाहनाखाली वाकून, चॅसीला मागे जोडलेले वाढीव रूळ जिथे बोल्टने बसवले आहेत तिथे गंज किंवा भेगा आहेत का हे टॉर्चने पाहावे. मागच्या बंपरखाली खरचटल्याच्या खुणा असतील तर मागचा लांब भाग चढाच्या तोंडाशी टेकत आला आहे. तो लांब भाग वळताना उलट बाजूला झोकही घेतो. चालवून पाहताना आरशात त्याच्याकडे लक्ष ठेवावे.

दूरची_वाट (धागाकर्ती)

यजमानांशी बोलणे झाले. त्यांचा स्कूटरचा हट्ट पूर्ण सुटलेला नाही, पण ११० चे १५९ कसे होतात हे त्यांनी स्वतः कागदावर मांडून पाहिले आणि आता ते सायकलींच्या बाजूला झुकले आहेत. वाहन नाकारलेले नाही. विक्रेत्याला सांगितले आहे की सौदा करण्यापूर्वी ते वजनकाट्यावर नेऊ. तो आधी कां कू करत होता, नंतर तयार झाला. काट्यावर नेमके काय काय पाहावे?

तुळई

इंधनाची टाकी भरून आणि गोड्या पाण्याची टाकी आपण प्रवासात जितकी भराल तितकी भरून न्यावे. सांडपाण्याची टाकी रिकामी असावी. आपण दोघांनी आपापल्या आसनांवर बसावे. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण वाहन, मग फक्त मागची चाके, आणि तिन्ही पावत्या घ्याव्यात. पुढचा व मागचा आकडा मिळून एकूण आकड्याच्या अगदी जवळ आला पाहिजे. फार फरक पडला तर काट्याच्या बाजूची जमीन सपाट नाही असे समजून दुसरीकडे जावे. शक्य असल्यास नंतर गॅरेजच्या मध्यभागी पाण्याचे भरलेले कॅन किंवा वाळूच्या गोण्या मिळून ५० किलो ठेवून मागची चाके पुन्हा तोलावीत. वाढ ७२ च्या आसपास आली तर माझा १.८ मीटरचा अंदाज आपल्या वाहनाला लागू आहे. जास्त आली तर गॅरेज मी धरले त्यापेक्षा मागे आहे, आणि त्यानुसार गुणक बदलून घ्यावा. गुणक म्हणजे मागची वाढ भागिले ठेवलेले वजन; ७२ भागिले ५० हे सुमारे १.४५ येते. गोण्या ठेवण्याआधीचा मागचा आकडा २,००० मधून वजा करून जे उरेल त्याला त्या गुणकाने भागले की गॅरेजमध्ये खरोखर किती ठेवता येईल ते कळेल, मात्र एकूण वजनही ३,५०० च्या आत राहिले पाहिजे. पावत्यांवरचे आकडे इथे टाकलेत तर पुढचा हिशेब मांडून देतो.